सणासुदीला गोवळकोंड्यावर: स्वयंसेवकाचे काम

गोवळकोंड्याच्या किल्ल्यावर वर्षातून दोन प्रसंगी स्वयंसेवकांची खरी निकड असते. पहिला प्रसंग आषाढातल्या बोनालूचा. गडावरच्या जगदंबिका महाकालीच्या देवळाकडे त्या महिन्यात दर गुरुवारी आणि रविवारी घरेच्या घरे चढतात. शहरातल्या बोनालूची सुरुवात इथूनच होते, आणि सिकंदराबादच्या उज्जैनी महाकालीचा आणि लाल दरवाजाच्या सिंहवाहिनीचा मान त्यानंतर येतो. दुसरा प्रसंग नोव्हेंबरातला. 19 ते 25 नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देशभर पाळते. त्याच्या पहिल्या दिवशी सर्वेक्षणाच्या स्मारकांत प्रवेश मोफत असतो आणि आठवडाभर प्रदर्शने, शाळकरी मुलांच्या चित्रकला व प्रश्नमंजूषा स्पर्धा असे काही ना काही चालू राहते. त्यात रविवार आला की मुलाबाळांना घेऊन आलेल्यांची रांग दरवाजाबाहेर जाते.

बोनालूला माणसे देवीसाठी येतात, वारसा सप्ताहात किल्ला पाहायला. पायऱ्या मात्र त्याच, कठडे तेच आणि दुपारी लागणारी तहानही तीच. म्हणून दोन्ही प्रसंगी स्वयंसेवकाचे काम कार्यक्रमपत्रिकेपेक्षा गडाची चढणच अधिक ठरवते. कुठे उभे राहायचे हे एकदा नक्की झाले की काय करायचे ते बरेचसे आपोआप ठरते.

कोणाच्या वतीने

गोवळकोंडा हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे आणि ते पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या हैदराबाद मंडळाकडे येते. उत्साहाच्या भरात परस्पर टेबल-खुर्ची मांडून ‘मदत केंद्र’ उघडता येत नाही. 1959 च्या नियमांनुसार संरक्षित स्मारकात सभा, मेजवानी किंवा करमणुकीचा कार्यक्रम करायचा तर लेखी परवानगी लागते. रूढ धार्मिक प्रथेला मात्र ही अट नाही. बोनालू या सवलतीत बसतो, एखाद्या मंडळाचे कौटुंबिक स्नेहसंमेलन बसत नाही. सुट्टीच्या दिवशी गडावर मुलांसाठी गोष्टी, खेळ किंवा चित्रकला ठेवण्याचा विचार असलेल्या संस्थेने सर्वेक्षणाच्या कार्यालयात बरेच आधी अर्ज द्यावा. अर्जात जागा, वेळ, माणसांचा अंदाज आणि कोणते सामान आत येणार हे स्पष्ट लिहावे. ध्वनिवर्धक, मांडव, जनरेटर यांची नावे अर्जात नसतील तर ती ऐनवेळी आत येणार नाहीत, हे गृहीत धरावे.

एकट्यादुकट्या माणसाने संस्थेमार्फत जाणे सोयीचे. महाविद्यालयीन मुलांना राष्ट्रीय सेवा योजनेचा रस्ता मोकळा आहे. 1969 साली सुरू झालेल्या या योजनेत दोन वर्षांत 240 तासांचे काम अपेक्षित असते आणि वारसास्थळावरची सेवा त्यात धरता येते. केंद्र सरकारच्या ‘माय भारत’ मंचावर 15 ते 29 वयाच्या तरुणांना नाव नोंदवता येते. वारसाविषयक कामाची आवड असलेल्या मोठ्या वयाच्या माणसांसाठी ‘इंटॅक’ ही 1984 साली स्थापन झालेली संस्था आहे आणि तिची हैदराबाद शाखा जुनी आहे. बोनालूसाठी देवळाच्या समितीकडे आणि स्थानिक पोलीस ठाण्याकडे नावे द्यावी लागतात, कारण त्या दिवशी गडावर शेवटचा शब्द पोलिसांचा असतो. अठरा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठल्याही ठाण्यावर उभे करू नये, आणि पायऱ्यांवर तर संमती असली तरी नाही.

आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. पैसे घेऊन स्मारक दाखवण्यासाठी परवाना लागतो. गोवळकोंड्याच्या दरवाजाशी परवानाधारक मार्गदर्शक असतात आणि त्यांचे पोट त्यावर चालते. स्वयंसेवकाने त्यांच्या गिऱ्हाइकांना बाजूला घेऊन फुकट व्याख्यान देऊ नये. विचारले तर दोन वाक्ये सांगावीत. कोणी खुशीने शंभराची नोट पुढे केली तरी ती घेऊ नये.

दरवाजापासून माथ्यापर्यंत

पहिले ठाणे गडाच्या आत नसून बाहेर असते. फतेह दरवाजातून येणारा रस्ता अरुंद आहे, आणि तटाच्या आत आजही वस्ती आहे, दुकाने आहेत, शाळा सुटण्याची वेळ आहे. मोटारी, रिक्षा, पायी माणसे आणि बोनालूच्या दिवशी लंगर हौजकडून येणारी वाजतगाजत मिरवणूक हे सगळे त्याच दगडी कमानीतून जाते. इथल्या स्वयंसेवकाने वाहतूक नियंत्रित करण्याच्या फंदात पडू नये, ते पोलिसांचे काम. त्याने फक्त चार गोष्टी सांगाव्यात: गाडी कुठे लावायची, तिकीट कुठे, स्वच्छतागृह कुठे आणि परत येताना कुठे भेटायचे. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण ज्या कुटुंबाने भेटण्याची जागा आधी ठरवली आहे त्याच्यातले कोणी हरवले तरी अर्ध्या तासात सापडते.

दुसरे ठाणे बाला हिसार दरवाजाचे. तिकीट तपासून माणसे आत येतात आणि समोरच्या घुमटाकार कमानीखाली थबकतात, कारण इथे टाळी वाजवली की ती वर बाला हिसारवर ऐकू येते, हे प्रत्येकाने ऐकलेले असते. शत्रूची चाहूल माथ्यावर पोचवण्यासाठी केलेली ही योजना आज गर्दीचे सर्वांत मोठे कारण आहे. वीस मुले एकदम टाळ्या वाजवू लागली की कोणालाच काही ऐकू येत नाही, आणि मागून येणारी रांग दरवाजात तुंबते. इथे एका स्वयंसेवकाने कमानीखाली आणि दुसऱ्याने माथ्यावर उभे राहावे, दोघांत फोन असावा. खालच्याने एकेका कुटुंबाला मधोमध उभे करून एकदाच टाळी वाजवू द्यावी, बाकीच्यांना तेवढा वेळ गप्प ठेवावे आणि लगेच पुढे सरकवावे. बहुतेक कुटुंबे खाली टाळी वाजवून सगळीच्या सगळी वर जातात. माथ्यावर पोचल्यावर लक्षात येते की ऐकायला सगळे आहेत, वाजवायला खाली कोणी नाही. म्हणून दर पंधरा मिनिटांनी खालच्या स्वयंसेवकाने स्वतः तीन टाळ्या वाजवाव्यात आणि वरच्याने मुलांना त्याआधी कान टवकारायला सांगावे. सगळ्या दिवसात मुले घरी जाऊन सांगतील अशी हीच एक गोष्ट असते, तेव्हा ती नीट व्हावी.

कमानीपासून पुढे नगीना बाग आणि शस्त्रागाराच्या बाजूने वाट चढणीला लागते. चढण सुरू होण्याआधीचा हा सपाट भाग म्हणजे स्वयंसेवकांचे सर्वांत महत्त्वाचे ठाणे, आणि नेमके तिथेच कोणी उभे राहायला तयार नसते, कारण तिथून काही दिसत नाही. माथा सुमारे 120 मीटर उंच आहे आणि पायऱ्या साडेतीनशेच्या वर. वर गाडी जात नाही. अर्ध्या वाटेत कोणाला चक्कर आली तर त्याला झोळीतून किंवा स्ट्रेचरवरून उतरवावे लागते आणि तेही वर येणाऱ्या गर्दीच्या उलट दिशेने. त्यामुळे ज्याला हृदयविकार आहे, गुडघे दुखतात, नुकतेच ऑपरेशन झाले आहे किंवा दिवस भरत आले आहेत, त्यांना इथेच थांबवता आले तर उत्तम. ‘तुम्हाला जमणार नाही’ असे म्हटले की माणूस हट्टाने चढतो. त्यापेक्षा खाली पाहण्यासारखे काय आहे ते सांगावे: राणीमहालाचे चौक, तारामती मशीद, मातीच्या नळांतून वर पाणी चढवण्याच्या जुन्या व्यवस्थेचे अवशेष. आजी-आजोबांना सावलीत बसून दीड तास घालवता येईल एवढे सगळे सपाटीवर आहे.

पाण्याचे टेबलही इथेच आणि वर अंबरखान्याजवळच्या मोकळ्या जागेत असावे. पायऱ्यांवर कधीही नको, कारण तिथे पाण्यासाठी थांबलेली चार माणसे चाळीस जणांची वाट अडवतात आणि सांडलेल्या पाण्याने दगड निसरडा होतो. बाटल्यांऐवजी मोठ्या पिंपातून पेले भरून द्यावेत.

नेहमीच्या दिवशी चढायची वाट अंबरखाना आणि रामदासाच्या कोठीवरून जाते आणि उतरायला राणीमहालाकडे जाणारी दुसरी, जास्त उभी वाट आहे. वारसा सप्ताहात हा एकेरी क्रम सांभाळता आला तर निम्मी धक्काबुक्की टळते. बोनालूत पोलीस ठरवतील ती वाट. वळण, अरुंद दरवाजा आणि पायऱ्यांचा शेवट, या तीन ठिकाणी माणसे नकळत थांबतात: कोणी दम खायला, कोणी फोटोला, कोणी मागे राहिलेल्याला हाक मारायला. स्वयंसेवकाने गर्दी दिसेल तिथे न जाता या तीन ठिकाणी आधीपासून असावे आणि दम खाणाऱ्याला दोन पावले बाजूला घ्यावे. मागून रेटा वाढतो आहे असे वाटले तर खाली नगीना बागेपाशीच लोक थांबवायला कळवावे; पायऱ्यांवरच्या माणसांना वरून ओरडून ‘मागे व्हा’ म्हणणे धोक्याचे, कारण मागे व्हायला तिथे जागाच नसते.

माथ्यावर बारादरी. गच्चीवरून कुतुबशाही कबरी आणि पलीकडे उंच इमारतींचे नवे शहर दिसते. इथे दोघे जण हवेत आणि त्यांनी कडेला पाठ करून, माणसांकडे तोंड करून उभे राहावे. मुलाला कठड्यावर बसवून फोटो काढणारे वडील दर दहा मिनिटांनी एक भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा ‘द्या, मी तुमच्या सगळ्यांचा एकत्र काढतो’ म्हणून त्यांना आत ओढावे.

बोनम घेऊन येणाऱ्या बायका

आषाढात पाऊस असतो आणि पायऱ्या ओल्या असतात. त्यावरून डोक्यावर बोनम घेतलेल्या बायका अनवाणी चढतात. हळदीकुंकवाने आणि कडुलिंबाच्या डहाळ्यांनी सजवलेले भांडे, आत दूध-गुळात शिजवलेला भात, वर पेटता दिवा. त्यांना वाट करून देणे एवढेच काम आहे, पण ते बारकाईने करायचे. बोनमला हात लावू नये, धरायला मागितले नाही तर धरू नये. आधार हवा असेल तर त्यांच्याबरोबरच्या बाईला कोपर धरायला सांगावे. दिव्याच्या उंचीवर कोणाचे केस, ओढणी किंवा छत्री येत नाही ना हे पाहावे. छत्र्या तर गर्दीच्या पायऱ्यांवर नकोतच. स्वयंसेवकाने स्वतः रेनकोट घालावा आणि इतरांनाही छत्री मिटायला सांगावे.

अंगाला हळद फासून, हातात चाबूक घेऊन नाचत येणारा पोतराजू मराठी माणसाला नवा वाटणार नाही. मुले मात्र घाबरतात किंवा फार जवळ जातात. त्याच्याभोवती चाबकाच्या लांबीएवढे रिंगण मोकळे राहील असे पाहावे. एखाद्या बाईच्या अंगात आले तर तिला धरून बसवण्याची घाई करू नये, घरचे लोक तिच्याजवळ असतात आणि काय करायचे ते त्यांना ठाऊक असते. स्वयंसेवकाने आजूबाजूचा पेटता दिवा बाजूला करावा, पायरीच्या कडेला जाऊ देऊ नये आणि मोबाइल रोखून उभे राहिलेल्यांना पुढे काढावे. स्त्रियांच्या रांगेत स्त्री स्वयंसेवकच हव्यात. छेडछाडीची तक्रार आली तर मिटवामिटव न करता ती जवळच्या पोलिसाकडे किंवा ‘शी टीम’कडे पोचवावी. तेलंगणा पोलिसांचे हे पथक 2014 पासून आहे आणि सणाच्या गर्दीत साध्या वेशात फिरते.

तेलुगू येत नसेल तर निदान तीन वाक्ये पाठ करावीत: ‘इटु रंडी’ म्हणजे इकडून या, ‘मेल्लगा’ म्हणजे सावकाश, ‘नीळ्ळु इक्कड’ म्हणजे पाणी इथे. जुन्या शहरातल्या कुटुंबांशी दखनी हिंदीत बोलले की काम भागते.

विचारतील ते

नांदेड, लातूर, परभणी, सोलापूरकडची मराठी कुटुंबे सुट्टीत हैदराबादला येतातच. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा नातीगोतीही आहेत. काचीगुडा, सुलतान बाजार, शालीबंडा भागांतल्या मराठी घरांतून स्वयंसेवक गेले तर या पाहुण्यांना मोठी सोय होते. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शिवाजी महाराज इथे आले होते ना? दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, 1677 साली, महाराज कुतुबशहाच्या भेटीला आले. ती भेट भागानगरात, म्हणजे आजच्या जुन्या हैदराबाद शहरात झाली. बाला हिसारवरचा एखादा दगड दाखवून ‘महाराज इथे बसले’ असे सांगणारे भेटतात, त्यांना हसून सोडून द्यावे. ज्या अबुल हसन तानाशाहने महाराजांचे स्वागत केले त्याच्याकडून औरंगजेबाने 1687 मध्ये आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर हा किल्ला घेतला. दरवाजा आतून उघडला गेला, तोफांनी पडला नाही. तानाशाहला दौलताबादला नेऊन चिनी महालात ठेवले. दौलताबाद पाहिलेल्या कुटुंबाला एवढे सांगितले की दोन किल्ले आपोआप जोडले जातात.

हिऱ्यांबद्दल विचारणा होतेच. गडावर खाण नव्हती. खाणी कृष्णेच्या खोऱ्यात कोल्लूरसारख्या ठिकाणी होत्या आणि गोवळकोंडा ही त्या मालाची बाजारपेठ. चारमिनारपर्यंतच्या भुयाराची गोष्ट ‘असे सांगतात’ एवढ्यावर ठेवावी. रामदासाच्या कोठीशी मात्र थांबावे. भद्राचलमचे राममंदिर सरकारी वसुलीच्या पैशाने बांधल्याच्या आरोपावरून कंचर्ल गोपन्नाला, म्हणजेच रामदासाला, इथे कोंडले होते, आणि भिंतीवरच्या राम-लक्ष्मण-मारुतीच्या आकृती त्याच्या मानल्या जातात. आत अंधार आहे आणि जागा थोडी, म्हणून दहा-बारा माणसांच्या वर एका वेळी सोडू नयेत.

हरवलेले मूल

मुलांच्या मनगटावर किंवा खिशातल्या चिठ्ठीवर पालकांचा फोन नंबर लिहून देण्याची सोय प्रवेशाशीच ठेवावी. हरवलेल्या मुलांचे ठाणे बाला हिसार दरवाजापाशी असावे, कारण वर चढलेला प्रत्येक माणूस शेवटी तिथूनच बाहेर पडतो. मूल सापडले की जिथे सापडले तिथे दहा मिनिटे थांबावे, बहुतेक वेळा घरचे शोधत तिकडेच येतात. मग दोघा स्वयंसेवकांनी मिळून, त्यातली एक शक्यतो बाई, त्याला ठाण्यावर आणावे. ध्वनिवर्धकावरून मुलाचे नाव आणि कपड्यांचे वर्णन कधीच सांगू नये; ते ऐकून कोणीही ‘माझाच’ म्हणत येऊ शकतो. पालकांचे नाव पुकारावे, आणि आलेल्या माणसाला मुलाबद्दल विचारावे. मूल त्याला ओळखते आहे का हे पाहून, ओळखपत्र व फोन नंबर नोंदवून, पोलिसासमोर ताब्यात द्यावे. तासाभरात कोणी आले नाही तर 1098 या बालक मदत क्रमांकाला आणि पोलिसांना कळवावे. रुग्णवाहिकेसाठी 108, इतर संकटाला 112.

दगड आणि चुना

हा किल्ला चुन्याच्या गिलाव्याने आणि दगडाच्या वजनाने उभा आहे, आणि सणाच्या एका दिवसात त्याला वर्षाचा त्रास होतो. 1958 च्या कायद्यात 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. नावे कोरणाऱ्याला हे सांगावे. बदामाचे चित्र काढणाऱ्या जोडप्याला लाखाचा आकडा ऐकवला की खडू खाली येतो. पण जास्त नुकसान भल्या हेतूनेच होते. कमानीला बॅनरची दोरी बांधणे, भिंतीवर चिकटपट्टीने बाणाचा कागद लावणे, कोनाड्यात दिवा ठेवणे, पायरीवर नारळ फोडणे, हे सगळे टाळता येते. बाणाचे फलक आपल्या पायांवर उभे राहणारे असावेत. उदबत्त्या आणि दिव्यांसाठी वाळूची परात ठेवावी, नारळासाठी देवळाची जागा असते.

साफसफाईत तर हात आखडताच बरा. झाडू आणि पिशवी एवढेच सामान. कुंकवाचा किंवा तेलाचा डाग तारेच्या घासणीने, साबणाने किंवा ॲसिडने काढायला गेले तर डागाबरोबर गिलावाही जातो. सांध्यातून उगवलेले पिंपळाचे रोप उपटले की मुळाबरोबर चुना निघतो. अशा जागा दाखवून द्याव्यात, काम सर्वेक्षणाच्या माणसांचे. उंच कमानींत आग्या मोहोळ दिसले तर त्याखाली धूर, फटाके, ड्रोन काही नको. तसाही ड्रोनला परवानगीशिवाय मनाई आहे.

चढण नको असलेल्यांसाठी

लहान बाळे आणि वृद्ध बरोबर असलेल्या कुटुंबांना, किंवा पहिल्यांदाच काम करणाऱ्या स्वयंसेवकांना, जवळच्या कुतुबशाही कबरी जास्त मानवतात. हे स्थळ राज्य सरकारच्या वारसा विभागाकडे आहे, म्हणून परवानगीचे दार वेगळे. आगाखान सांस्कृतिक न्यासाने 2013 पासून इथे मोठे जतनकार्य केले. त्याच वर्षी पावसात ढासळलेली बडी बावडी पुन्हा उभी राहिली, आणि इथल्या विहिरींच्या कामाला 2022 मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत पुरस्कार मिळाला. बाग सपाट आहे, सावली आहे. लक्ष ठेवायचे ते एकाच गोष्टीवर: पायविहिरींच्या काठांवर, आणि तिथे सतत एक माणूस हवा.

दिवस संपताना

गड रिकामा करण्याचे काम वरून खाली होते. माथ्यावरचे दोघे शेवटच्या कुटुंबाच्या मागून उतरतात आणि वाटेतल्या प्रत्येक ठाण्याला बरोबर घेतात. अंधाऱ्या कोठड्यांत टॉर्च फिरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. संध्याकाळी ध्वनिप्रकाश कार्यक्रम असेल तर त्याच्या प्रेक्षकांची रांग बाहेर लागलेली असते, म्हणून हे वेळेत संपवावे लागते. सापडलेल्या वस्तूंची वहीत नोंद करून, चष्मे, चपला, टिफिन, एखादे पैंजण, सगळे सही घेऊन पहाऱ्यावरच्या कर्मचाऱ्याकडे द्यावे. सुटलेला दगड, सैल कठडा, नवे कोरलेले नाव दिसले असेल तर जागा आणि फोटोसह त्याच संध्याकाळी कळवावे. सेवा योजनेच्या मुलांनी तासांच्या नोंदीवर सही तिथेच घ्यावी. आठवड्याने सही मागायला गेले की कार्यालयात बदली झालेली असते.